खडकावरचा भाडेकरू

कबूतर खडक, दीपगृह
५ जुलै १९८३

श्रीमती सालूहा यांस सलाम.

आपण मला ओळखत नाही. बिझर्तच्या जुन्या बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात आपण लावलेली चिठ्ठी आमच्या नावेचे तांडेल रईस खमैस यांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवली. "माडीवरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, गच्ची. एकटा, शांत सरकारी नोकर हवा."

मी सरकारी नोकर आहे. नऊ वर्षं दीपगृहांवर काढली. शांतपणाबद्दल म्हणाल, तर इथे दोन माणसं, अकरा शेळ्या आणि न मोजता येणारे पक्षी आहेत. त्यांतला सगळ्यात कमी बोलणारा मी. वय एकतीस. नाव हसूना.

अडचण एकच आहे. माझे जोडीदार जिलानी जिन्यावरून पडले, त्यांचा पाय मोडला. त्यांच्या जागी खात्याने निवृत्त झालेले हाज मब्रूक यांना पाठवलंय. माणूस देवासारखा, पण त्यांना जिना चढवत नाही. ते खाली स्वयंपाक करतात, दिवा मी सांभाळतो. त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत मला खडक सोडता येणार नाही. करार मात्र आत्ताच व्हायला हवा. खोल्या रिकाम्या राहिल्या तरी भाडं या महिन्यापासून घ्या.

नाव दर दहा-अकरा दिवसांनी येते, सामान उतरेपर्यंत दोन तास थांबते. आपण करार पाठवलात तर त्या दोन तासांत सही करून परत देईन.

आपला,
हसूना

⁂

बिझर्त
१४ जुलै १९८३

हसूना,

तुला अरे-तुरे करते. माझा भाचा तुझ्याहून मोठा आहे आणि त्याला मी याहून वाईट हाका मारते.

ईद परवा झाली. घरात अजून खजुराचे गोड मकरूद उरलेत, थोडे रईसबरोबर पाठवतेय. हाजला दे. दात असतील तर.

मी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. माणूस मला आवाजावरून कळतो. कोण खोटं बोलतोय, कोण उधार मागणार आहे, कोणाचं लग्न मोडणार आहे, हे मला 'हॅलो'वरूनच समजायचं. तुझा मात्र आवाज नाही, नुसतं अक्षर आहे. अक्षर चांगलं आहे, पण लबाडांचंही असतं.

सोबत कराराच्या दोन प्रती. माझ्या अटी त्यात नाहीत, त्या अशा: मी धुणं वाळत घातलं असताना गच्चीवर सार्डिन मासे तळायचे नाहीत. भिंतीला खिळे मारायचे नाहीत. चार वाजता मी कॉफी करते, त्या वेळी जो घरात असेल त्याने खाली यायचं. मला एकटीला कॉफी कडू लागते.

भाचा म्हणतो, खोल्या उन्हाळ्यात जर्मन पाहुण्यांना दे, दुप्पट मिळतील. मिळतील. पण जर्मन माणसाशी मी चार वाजता काय बोलू?

एक शंका आहे. रिकाम्या खोलीचं भाडं देणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो. वेडा असशील तर माझी हरकत नाही.

सही नगरपालिकेत अधिकाऱ्यासमोर करून शिक्का मारून घ्यायची, हे तुला माहीत असेलच.

सालूहा

⁂

कबूतर खडक
१६ जुलै १९८३

मावशी,

तुम्ही अरे-तुरे केलंत, तर मीही मावशी म्हणतो.

हाजना चार दात आहेत. चारही मकरूदवर खर्च झाले. त्यांनी तुम्हाला दुवा दिली आहे आणि तुम्ही विधवा आहात का, असं विचारलंय. मी उत्तर दिलेलं नाही.

दोन्ही प्रतींवर सही केली आहे. नगरपालिका मात्र इथे नाही. हाजनी साक्षीदार म्हणून सही केली आणि आमच्या नोंदवहीचा शिक्का मारलाय. त्यावर 'दिवा चालू आहे' असं लिहिलेलं आहे. आमच्याकडे दुसरा शिक्का नाही. पण सरकारी आहे, गोल आहे आणि नीट उमटलाय.

तुमच्या अटी मान्य. खिळे मारणार नाही.

एक विचारायचं होतं. आतल्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे? शिवणयंत्र ठेवायचं तर उजेड डावीकडून यायला हवा म्हणतात.

आपला,
हसूना

⁂

बिझर्त
२६ जुलै १९८३

हसूना,

तुझा कागद घेऊन मी नगरपालिकेत गेले. सह्यांच्या खिडकीशी एक गृहस्थ बसतात. नाकावर चष्मा, चष्म्यावर भुवया. त्यांनी तुझा शिक्का उजेडात धरून वाचला.

"दिवा चालू आहे. बरं. आणि सही करणारा कुठाय?"

"दिव्यापाशी."

"त्याला बोलवा."

"तो आला तर दिवा बंद पडेल."

"मग त्याने कुणाला तरी मुखत्यार नेमावं. मुखत्यारपत्र दिलं की तो माणूस त्याच्या वतीने सही करू शकतो."

मी म्हटलं, शाब्बास! मला आधी का नाही सुचलं? "मुखत्यारपत्रावर सही कुठे करायची?"

"इथेच. माझ्यासमोर."

"कोणी?"

"त्याने."

बिचारे स्वतःच हसायला लागले. म्हणाले, "बाई, नियम मी केलेला नाही. मी फक्त इथे बसतो." वाईट माणूस नाही. मला पाणी दिलं, आणि दीपगृहात पगार बरा असतो का, असंही विचारलं.

तर तुझा करार लटकला.

आता शिवणयंत्राचं बोलू. खिडकी उत्तरेला आहे, उजेड डावीकडून येईल, काळजी नको. पण नऊ वर्षं खडकावर राहिलेला, एकटा, शांत सरकारी नोकर शिवणयंत्राचं काय करतो? शेळ्यांना कपडे शिवतो?

मला आवाज ऐकू येत नसला म्हणून मी बहिरी नाही. या नावेबरोबर खरं काय ते लिही. नाहीतर पुढच्या आठवड्यात वर जर्मन राहायला येतील आणि मी त्यांच्याशी खुणा करत कॉफी पिईन.

सालूहा

⁂

कबूतर खडक
२७ जुलै १९८३

मावशी,

खरं सांगतो. रईस अजून पिठाची पोती उतरवतोय, तेवढ्यात जमेल तसं.

शिवणयंत्र बहिजाचं आहे. तुमच्या इथून तीन गल्ल्या सोडून सी शादली यांची पावाची भट्टी आहे, त्यांची ती मधली मुलगी. शिवणाच्या कारखान्यात कापड बेतते. दोन वर्षांपूर्वी आमचा साखरपुडा झाला. दोन वर्षांत मी तिला नऊ वेळा भेटलो. सुट्टी मिळते तेव्हा समुद्र खवळलेला असतो. समुद्र शांत असतो तेव्हा सुट्टी नसते.

सी शादली आता कंटाळले आहेत. त्यांनी निरोप पाठवलाय: "ऑगस्ट संपायच्या आत शिक्का मारलेला करार माझ्या टेबलावर दिसला तर लग्न ऑक्टोबरात. नाही दिसला तर साखरपुडा मोडला." परदेशातून, मार्सेयहून, त्यांच्या आतेबहिणीचा मुलगा सुट्टीला आलाय. गाडी घेऊन. महिन्याच्या शेवटी तो परत जाणार आणि जाताना कुणाला तरी बरोबर न्यायचं त्याच्या मनात आहे. बहिजाला तो आवडत नाही, पण घरातल्या बाकी सगळ्यांना त्याची गाडी आवडते.

मी एकटा नाही हे लपवलं, कारण चिठ्ठीत 'एकटा' लिहिलं होतं. हे खोटं बोलणं झालं. याआधी दोन घरमालकांनी 'नवराबायको म्हणजे पुढे मुलं' म्हणून नाही म्हटलं होतं.

खडक सोडून येण्याचा विचार मी केला नाही असं नाही. पण सार्डिनच्या होड्या या दिव्याच्या आधाराने घरी जातात. त्यांतल्या दोन सी शादलींच्या सख्ख्या भावाच्या आहेत.

तुम्ही खोल्या दुसऱ्याला दिल्यात तर मी समजेन. मकरूदबद्दल आभार राहिले होते.

हसूना

⁂

बिझर्त
६ ऑगस्ट १९८३

अरे गाढवा,

आधी शिव्या, मग बातमी.

मी चिठ्ठीत 'एकटा' लिहिलं कारण मागच्या भाडेकरूला सख्खे-चुलत मिळून सात भाऊ होते आणि सातही माझ्या जिन्यावर जेवायचे. मला मुलांचं वावडं आहे असं कोणी सांगितलं? मला झाली नाहीत, हा वेगळा विषय आहे. पहिल्याच पत्रात लिहिलं असतंस तर महिना वाचला असता.

आता बातमी. मी भट्टीवर गेले. उगाचच दोन पाव घेतले. सी शादली गल्ल्यावर होता, पिठाने पांढरा, मिशी तेवढी काळी. "पाव कच्चा आहे," मी म्हटलं. तो म्हणाला, "तीस वर्षांत असं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या." मागून एक मुलगी म्हणाली, "पहिल्या नाहीत बाबा, तोंडावर म्हणणाऱ्या पहिल्या." तीच ती. मला विचारावं लागलं नाही.

तिला म्हटलं, पोरी, एक झगा उसवलाय, घरी येऊन बघशील का? आली. झगा कुठाय, असं तिने विचारलंच नाही. जिना चढून थेट वर गेली. खिडकी उघडली, नळ सोडला, फरशीवर पाय आपटून बघितला, गच्चीवरून तुझ्या खडकाच्या दिशेला नजर टाकली. "दिवा इथून दिसतो?" मी म्हटलं, हवा स्वच्छ असेल तर. मग तिने स्वयंपाकघरात जाऊन कोपरा न् कोपरा वितीने मोजला आणि शेवटी माझ्यासमोर बसून म्हणाली, "मावशी, कागद दाखवा."

तिने सगळा करार वाचला. मी स्वतः सगळा वाचलेला नव्हता. मग म्हणाली, "भाडेकरू हजर हवा, एवढीच अडचण आहे ना? मी हजर आहे. माझ्याकडे ओळखपत्र आहे, पगार आहे आणि सही येते. माझ्या नावाने का नाही चालणार?"

हसूना, मी बत्तीस वर्षं लोकांच्या तारा जोडल्या, पण अशी तार मला जोडता आली नसती.

दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या गृहस्थांना विचारून आले. ते म्हणाले, "सज्ञान आहे? मग प्रश्नच नाही. एवढे दिवस काय करत होता?"

पण मुलीने एक अट घातली आहे. तुला विचारल्याशिवाय सही करणार नाही. म्हणते, "घर बायकोच्या नावावर म्हणून लोक हसतील, ते चालेल की नाही हे त्याने आधीच ठरवलेलं असू दे." म्हणून विचारतेय. घर तिच्या नावाने घेतलं तर चालेल? रईस थांबलाय तोवर हो किंवा नाही लिही.

सालूहा

⁂

बिझर्त
२८ ऑगस्ट १९८३

हसूना,

सातला रईस आला तो रिकाम्या हाताने. म्हणाला, लाट चढत होती, पोतं आणि पत्राची पिशवी खडकावर फेकली आणि वळलो. अठराला तर तो खडकाजवळ जाऊन तसाच परतला. तीन आठवडे तुझा शब्द नाही.

बहिजा रोज कामावरून सुटली की येते. गच्चीवर जाते, खाली येते, काही बोलत नाही. एकदा मीच म्हटलं, "बोलत का नाहीस?" तर म्हणते, "तो तरी कुठे बोलतोय?"

मार्सेयवाल्याने सी शादलीला गाडीतून रफ रफ गावापर्यंत फिरवून आणलं. सी शादली परत आला तो खिडकीची काच खाली-वर कशी होते तेच सांगत होता.

म्हणून आम्ही परवा निर्णय घेतला. लग्न लावताना मुलगी गप्प बसली तर तिचं मौन म्हणजे होकार, असं धरतात ना? आम्ही तुझं मौन होकार धरलं. तू लाजलास, असं समजलो.

काल सकाळी नगरपालिकेत गेलो. बहिजाने नवा झगा घातला होता. सही तिने एका दमात केली, मला चष्मा शोधावा लागला. त्या गृहस्थांनी शिक्का मारला आणि उभे राहून "मबरूक" म्हणत अभिनंदन केलं. मागच्या रांगेतल्या एका बाईने उलूलू करून टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं लग्नच लागलं.

करार माझ्या कपाटात आहे. ३१ला सी शादलीपुढे ठेवायचा. उद्या समुद्र शांत आहे म्हणतात. तुला नको असेल तर उद्याच तसं कळव. मी बहिजाला म्हटलं, त्याने नाही म्हटलं तर कागद फाडून टाकू. ती म्हणाली, "फाडू नका. मग मी एकटी राहीन."

तेव्हा नीट विचार करून लिही.

सालूहा

⁂

कबूतर खडक
२९ ऑगस्ट १९८३

मावशी,

मी 'नको' असं लिहिलं होतं.

तुमचं आधीचं पत्र मिळालं त्याच दिवशी लिहिलं. नाव निघून गेली होती म्हणून ते इथेच राहिलं. त्यात लिहिलं होतं की नऊ वर्षं खडक चाटले ते बायकोच्या घरात उंबऱ्याशी जोडे काढायला नाही. कॉफीच्या दुकानातले लोक काय म्हणतील तेही लिहिलं होतं, नावानिशी. पत्र चांगलं झालं होतं. मी ते रोज वाचत होतो.

अठराला नाव परत फिरलेली पाहिली. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आली होती. रईस हात हलवत होता. मी ते पत्र खिशात घेऊन उभा होतो आणि नाव वळली तेव्हा मला बरं वाटलं. का बरं वाटलं ते कळेना. म्हणून हाजना विचारलं.

"हाज, बायकोच्या घरात राहणारा पुरुष कसा दिसतो?"

ते कांदा चिरत होते. म्हणाले, "जेवलेला दिसतो."

मी हसलो नाही. मग त्यांनी सुरी ठेवली. "चाळीस वर्षं मी अशा खडकांवर काढली," ते म्हणाले. "घर माझ्या नावावर होतं. पहिली मुलगी झाली तेव्हा मी इथे. दुसरी झाली तेव्हा दक्षिणेच्या खडकावर. छत गळलं ते तिनं दुरुस्त करून घेतलं. मी सुट्टीला गेलो की दार वाजवून आत जायचो, आणि मुली आईला विचारायच्या, हे कोण? नाव माझं होतं रे. घर तिचंच होतं. मला ते कळलं तेव्हा तिला सांगायला ती उरली नव्हती."

मग ते कांद्यामुळे रडतोय असं म्हणाले. कांदा चिरून झाला होता.

ते पत्र मी फाडलं. त्यानंतर अकरा दिवस एकच भीती होती, की तुम्ही माझं उत्तर नाही म्हणून थांबाल. आज पिशवी उघडली आणि तुम्ही थांबला नाहीत हे वाचून मी शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन मोठ्याने ओरडलो. हाजना वाटलं मी पडलो.

माझा होकार आहे. तो लाजेचा नाही, तोंडाने दिलेला आहे. बहिजाला सांगा, लोक हसले तर चालेल, हे मी आधीच ठरवलं आहे. हसू देत.

सी शादलींना माझा सलाम सांगा. त्यांच्या भावाच्या होड्या काल संध्याकाळी दोन्ही नीट गेल्या. मी मोजल्या.

हसूना

⁂

बिझर्त
७ सप्टेंबर १९८३

हसूना बेटा,

आता सगळं क्रमाने सांगते.

तुझं पत्र मी बहिजाच्या हातात दिलं. तिने उभ्याने वाचलं. मग जिन्याच्या पायरीवर बसून वाचलं. मग मला म्हणाली, "हाजच्या बायकोचं नाव काय होतं?" मला कुठे माहीत? विचारून कळव. तिला हवं आहे.

३१ला आम्ही दोघी सी शादलीच्या घरी गेलो. करार टेबलावर ठेवला. मार्सेयवाला तिथेच बसून टरबूज खात होता. सी शादलीने चष्मा लावला, शिक्का बघितला, समाधानाने मान हलवली आणि मग वाचायला लागला.

"भाडेकरू, बहिजा बिन्त शादली. हे काय? कारकून चुकला?"

"नाही बाबा. मीच आहे."

"आणि तो?"

"तो दिव्यापाशी. काकाच्या होड्या घरी आणतोय."

"मी म्हटलं होतं, मुलाकडे घर पाहिजे!"

"तुम्ही म्हटलं होतं, माझ्या लेकीला पक्कं छप्पर पाहिजे. हे घ्या. शिक्क्यासकट."

सी शादलीने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "उद्या याच्याशी भांडलीस तर?"

"तर तो बाहेर जाईल," मी म्हटलं. "मालकीण मी आहे, मी स्वतः दार लावीन."

त्यावर त्याने चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाला, "तीस वर्षांच्या संसारात हिच्या आईच्या नावावर मी गाढवसुद्धा केलं नाही."

आतल्या खोलीतून त्याची बायको म्हणाली, "ते मी विसरलेले नाही."

मग काय! आधी बहिजा हसली, मग मी. सी शादली मिशीतल्या मिशीत हसू दाबत होता, ते काही दाबलं गेलं नाही. मार्सेयवाला शहाणा निघाला. त्याने तोंड पुसलं, बहिजाला मबरूक म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी गेला. जाताना मला गाडीतून घरापर्यंत सोडलं. काच खरंच छान खाली-वर होते.

लग्न आठ ऑक्टोबरला. मौलवीला सांगून झालं.

शिवणयंत्र वर आलं आहे, उत्तरेच्या खिडकीशी. सी शादली रोज भट्टी बंद करून येतो, 'फक्त नळ बघायला'. काल त्याने नळ बघितला, आज जिन्याचा कठडा रंगवला आणि चार वाजता आपणहून खाली येऊन बसला. पाव घेऊन. मी पाव खाऊन म्हटलं, आज बरा आहे. त्याने ते दोनदा म्हणायला लावलं.

तू कुठल्या नावेने उतरणार ते नक्की कळव. बहिजा म्हणते, बंदरावर मी एकटीच जाईन. सी शादली म्हणतो, लग्नाआधी ते रीतीत बसत नाही, मी बरोबर येणार. आज सकाळपासून दोघं यावर भांडताहेत आणि मी मध्ये बसून हे लिहितेय.

शेवटी मीच ठरवलं आहे. बहिजा पुढे उभी राहील. तिचा बाप कॉफीच्या दुकानात, काचेच्या आत. आणि दोघांच्या मधोमध मी, अंगाभोवती गुंडाळलेल्या माझ्या रुंद पांढऱ्या सफसारीसकट. मी बऱ्यापैकी जाड आहे. त्याला काही दिसणार नाही.

सालूहा मावशी